शेजारच्या हद्दीत

रात्री पावणेदोनला फोन.
शेजारच्या काउंटीचा डेप्युटी, एझरा.
आवाज असा, जणू चूक त्याचीच.

मॅडम, आमच्याकडे कुणीच नाही.
पहिल्या भागाच्या जज लबकच्या दवाखान्यात, गुडघा बदललाय.
काउंटी जज मुलीच्या लग्नाला अलास्कात, फोन लागत नाही.
आणि दुसऱ्या भागाचे?
तो थांबला. फोनमधून वारा ऐकू आला.
ते, म्हणाला,
तेच आहेत.

कलम सांगतं, हद्दीत कुणी नसेल
तर लगतच्या हद्दीतून बोलवा.
शेजारधर्म हा शब्द कलमात बसत नाही
म्हणून ते 'लगतच्या' म्हणतं.
मी तेवीस वर्षं शाळेची बस चालवली, वकिली शिकले नाही.
एकशेबारा मतांनी निवडून आले,
आणि शपथेच्या दिवशी कुणी बोललं नव्हतं
की मेलेला मेला असं म्हणायलाही एक माणूस लागतो.

चौसष्ट मैल.
तेलाचे पंप अंधारात मान हलवत होते,
हो, हो,
काही न ऐकताच.

पवनचक्कीखाली ड्वेन हॅल्बर्ट, वय एकाहत्तर.
शिडीपासून चार फुटांवर, उताणा.
टोपी आणखी लांब. पाना अजून मुठीत.
एझराने गाडीचा दिवा त्याच्यावर धरला होता,
मग ओशाळून थोडा बाजूला वळवलेला.

पिवळ्या फितीबाहेर नोरीन, स्वयंपाकघरातली खुर्ची आणून,
मांडीवर घडी घातलेलं ब्लँकेट.
सातपासून.
हात लावू नका म्हणाला हा पोरगा.
ड्वेन हेच सांगत आला एवढी वर्षं
दुसऱ्यांच्या बायकांना.

मी मनगट धरलं. धरावं लागतं.
हात कुठे संपतो आणि पाना कुठे सुरू होतो, कळेना.
मोठ्याने म्हणाले: तीन वाजून बावीस मिनिटं.
एझराने लिहून घेतलं.

म्हणजे तोवर? नोरीनने विचारलं.
कायद्याच्या लेखी, हो, तोवर होता.
बरं झालं, म्हणाली ती.
मी बोलत होते त्याच्याशी.

पडला म्हणून हृदय थांबलं
की थांबलं म्हणून पडला?
फॉर्मवर चौकोन आहेत, खूण एकातच करायची.
चिरफाड नको, ओरालिया, नोरीन म्हणाली,
माझ्या डोळ्यांत न बघता.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलेले,
तेव्हा हाच आला होता माझ्या हद्दीत, चौसष्ट मैल,
कोटाखाली झोपायचा सदरा.
कालव्यातला पोरगा होता तो. मला फोनवर म्हणाला,
शंका असेल तर पाठवून दे.
मयताला प्रवासाचा कंटाळा नसतो.
कंटाळा आपल्याला येतो,
आणि मग आपण त्याला दया म्हणतो.

शंका होती.
पाठवा, म्हणाले मी.
नोरीन काही बोलली नाही.
बऱ्याच वेळाने: आता?
आता, हो.
तिने ब्लँकेट उलगडलं, छातीपर्यंत ओढलं, तिथेच थांबली.
त्याला गळ्याशी काही आलेलं चालायचं नाही.

उरला कागद.
माझे फॉर्म माझ्या काउंटीचे, इथे चालत नाहीत.
मरण इथलं, तर कागदही इथला.
एझरा त्याच्या ट्रकच्या खणातून पॅड घेऊन आला,
कोपऱ्यावर कॉफीचा डाग,
तळाशी छापलेलं:
ड्वेन आर. हॅल्बर्ट, जस्टिस ऑफ द पीस.

वरच्या रेघेवर, मयताचे नाव, ते मी लिहिलं.
खाली तेच नाव होतं.
थंडीने पेन उमटेना.
बॉनेटवर कागद दाबून
दोनदा गिरवावं लागलं
खोडायला.
मग शेजारी, उरलेल्या जागेत,
माझी सही.